सैरंध्रीचा चेहरा

इटलीतल्या जिनोआ बंदरात १६२३ साली एका सरदार घराण्यातल्या बाईचे चित्र रंगवले गेले. बाईचे नाव एलेना ग्रिमाल्दी, चित्रकाराचे नाव व्हॅन डाइक. चित्रकार तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा होता. चित्र चांगले आठ फूट उंचीचे आहे. काळ्या रंगाचा पायघोळ पोशाख घातलेली ही बाई वाड्याच्या सज्जात उभी आहे, मागे उंच खांब आहेत, हातात नारिंगाची डहाळी आहे. तिच्या मागे एक आफ्रिकी पोरगा तिच्या डोक्यावर लाल छत्री धरून उभा आहे. छत्रीचा तो लाल गोल असा मांडला आहे, की तिच्या गोऱ्या चेहऱ्याभोवती जणू प्रभावळच वाटावी. आज हे चित्र अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. चारशे वर्षे उलटली, वाडा मागे राहिला, घराण्याचे वैभव गेले. पण बाई अजून आपल्याकडे वरून पाहतेच आहे.

अशा चित्रांच्या शैलीला 'बरोक' म्हणतात. शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असे मानतात आणि त्याचा मूळ अर्थ आहे ओबडधोबड, गोल नसलेला मोती. पुढे तो साऱ्या सतराव्या शतकाच्या कलेला चिकटला. जुन्या गोव्यातली चर्चे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा थाट परका वाटणार नाही. सगळे भव्य, सगळे हलते, सगळे डोळ्यांत भरणारे! चित्रात हा परिणाम साधला जातो तो प्रकाशाने. पार्श्वभूमी काळोखी ठेवायची आणि एकाच बाजूने येणारा उजेड चेहऱ्यावर, हातांवर, गळ्यातल्या मोत्यांवर पाडायचा. देवघरात समईच्या उजेडात देवीचा मुखवटा जसा उजळतो आणि बाकी खोली अंधारात राहते, तसेच काहीसे.

हे सगळे साधते तेलरंगामुळे, आणि त्याची सामग्री आपल्याला वाटते तितकी दूरची नाही. चित्रकार रंगाची पूड ज्या तेलात खलतो ते तेल जवसाचे. जवसाचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते, त्याचा पारदर्शक पापुद्रा बनतो, म्हणून एकावर एक थर देता येतात आणि कातडीखाली रक्त वाहते आहे असा भास उभा करता येतो. ज्या कापडावर चित्र काढायचे ते लिननचे कापडही त्याच झाडाच्या धाग्याचे. जवसाचे तेल काळाबरोबर पिवळे पडते, म्हणून पांढऱ्या आणि निळ्या रंगांसाठी काही चित्रकार करडईचे तेल वापरतात. म्हणजे आपल्या माणदेशात ज्या जवसाची चटणी कुटली जाते आणि ज्या करडईच्या तेलाची फोडणी बसते, त्याच दोन पिकांवर ही सगळी किमया उभी आहे. तेल आपल्याकडे होते, रंग होते, हातात कसब होते. मग आपल्याकडच्या सरदारणींची, राण्यांची अशी चित्रे का नाहीत, हा प्रश्न मनात येतोच.

त्याआधी युरोपात ही चित्रे कशासाठी काढत, ते पाहू. केवळ हौस म्हणून नव्हे. स्पेनच्या राजाची मुलगी मार्गारिता हिचे उदाहरण घ्या. ही राजकन्या १६५१ साली जन्मली. तिचे लग्न व्हिएन्नाच्या राजघराण्यातल्या लिओपोल्ड याच्याशी व्हायचे घाटत होते आणि तो नात्याने तिचा मामा. मुलगी कशी वाढते आहे हे तिकडे कळावे, म्हणून दरबारी चित्रकार व्हेलास्केझ याने तिची चित्रे रंगवली आणि ती व्हिएन्नाला गेली. पहिल्या चित्रात ती जेमतेम तीन वर्षांची आहे, गुलाबी झग्यात; मग पांढऱ्या झग्यात; आणि १६५९ च्या चित्रात निळ्या मखमली झग्यात, आठ वर्षांची. ही तीनही चित्रे आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात शेजारी शेजारी आहेत. आपल्याकडे मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात पोहे येतात, तिथे तैलचित्रे जात, एवढाच फरक! पुढे १६६६ साली तिचे लग्न झाले. बाळंतपणांनी शरीर खचले, एकच मुलगी जगली, आणि १६७३ मध्ये एकविसाव्या वर्षी मार्गारिता वारली. ती काय बोलली, तिला काय हवे होते, हे कोणी विचारले नाही. पण तिचा चेहरा मात्र जगातल्या सर्वाधिक ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक झाला.

आता याच वर्षांत इकडे काय चालले होते ते आठवा. निळ्या झग्यातली राजकन्या रंगवली गेली त्या १६५९ सालीच प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. मार्गारिता वारली त्याच्या पुढच्या वर्षी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जिजाबाईंनी देह ठेवला. ज्या बाईने स्वराज्याचे स्वप्न जोपासले, जहागिरीचा कारभार पाहिला, न्यायनिवाडे केले, तिचा चेहरा समोर बसून कोणी तैलरंगात उतरवला नाही. आज शाळेच्या भिंतीवर जी जिजाबाईंची तसबीर असते, ती नंतरच्या चित्रकारांच्या कल्पनेतली आहे.

ताराबाईंचेही तेच. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास. मांडीवर लहान मूल, समोर औरंगजेब बादशहा जातीने दख्खनेत उतरलेला. १७०७ मध्ये बादशहा मरेपर्यंत या बाईने राज्य राखले. पुढे १७६१ पर्यंत, म्हणजे पानिपताची बातमी कानांवर येईपर्यंत त्या साताऱ्याला जगल्या. त्यांची पत्रे आहेत, सनदा आहेत, त्यांच्याविषयी शत्रूने लिहून ठेवलेले आहे. चेहरा नाही.

याचे कारण समजायला अवघड नाही. तैलचित्रासाठी माणसाला चित्रकारासमोर तासन्‌तास आणि तेही कित्येक दिवस बसावे लागते. चित्रकार चेहरा निरखतो, हनुवटी जरा वर घ्या म्हणतो, मान वळवायला सांगतो. खानदानी मराठा घरांत पडदा होता. परक्या पुरुषाने नजर रोखून पाहायचे आणि बाईने ते सोसायचे, ही कल्पनाच वाड्याला मानवणारी नव्हती. शिवाय चित्र म्हणजे आपल्याकडे पोथीतले किंवा कागदावरचे लघुचित्र. ते बस्त्यात जाई, भिंतीवर टांगले जात नसे.

तैलरंग घेऊन परदेशी चित्रकार आपल्याकडे आले नाहीत असे नाही. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांना रंगवले. नानांचा तो लांबट, विचारात बुडालेला चेहरा आपल्याला ठाऊक आहे तो वेल्समुळे. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली आणि गंगाराम तांबट यांच्यासारखा कसबी मराठी चित्रकार त्यातून पुढे आला. १७९५ मध्ये वेल्स तापाने वारला. त्याने मागे ठेवलेला पेशवे दरबार हा पगड्यांचा आणि अंगरख्यांचा दरबार आहे. माजघर त्यात नाही.

आता थोडे आपल्या आटपाडीकडे येऊ. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. पण १९४८ पर्यंत ती औंध संस्थानात होती. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचे गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांचे, बहात्तर गावांचे हे चिमुकले संस्थान. ते पंतप्रतिनिधींचे. या घराण्याचे मूळ पुरुष परशुराम त्रिंबक हे ताराबाईंच्या पडत्या काळात त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. त्याच घराण्यात शंभर वर्षांनी आणखी एका बाईचे नाव येते. ही राणी नव्हे. लोक तिला ताई तेलीण म्हणत.

प्रतिनिधी परशुराम श्रीनिवास यांचे दुसऱ्या बाजीरावाशी बिनसले. या भांडणात ताई पंतांच्या बाजूने उतरली. पेशव्यांचा सरदार बापू गोखले याने पंतांना पकडले. मालकच कैदेत गेल्यावर लढाई संपायची. पण ताईने कोयनेच्या रानातला वासोट्याचा किल्ला धरला आणि कित्येक महिने तो झुंजवला. ही हकीकत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. अखेर किल्ला पडला, पण ताईचे नाव लोकांच्या तोंडी बसले आणि आजही वासोटा चढणाऱ्या पोरांना ते ठाऊक असते. तिचे नाक कसे होते, डोळे कसे होते, ती कपाळावर कुंकू केवढे लावी, हे सांगणारे चित्र नाही.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की मोठी विचित्र गंमत दिसते. तिकडे चेहरे उरले. एलेना ग्रिमाल्दीला जग ओळखते ते तिच्या कर्तृत्वासाठी नव्हे, व्हॅन डाइकच्या कुंचल्यामुळे. इकडे कर्तृत्व उरले, चेहरे गेले. आणि तिकडेही सर्वांचे सगळे उरले असे नाही. एलेनाच्या डोक्यावर छत्री धरणाऱ्या त्या पोराचा चेहरा तेवढा आहे, नाव नाही. रूबेन्स या थोर चित्रकाराने १६०६ साली जिनोआच्याच ब्रिजिदा स्पिनोला दोरिया या तरुण सरदारणीचे पूर्णाकृती चित्र रंगवले होते. एकोणिसाव्या शतकात ते चित्र चारही बाजूंनी कापले गेले, तिचे पाय आणि मागचा बगिचा गेला. चित्र म्हणजे अमरपट्टा नव्हे.

आपल्याकडचा पडदा सरला तो बडोद्याला. १८८१ साली सयाजीराव गायकवाड यांना राज्याधिकार मिळाले. त्यांचे दिवाण टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घरातले आणि पूर्वी त्रावणकोरचे दिवाण राहिलेले. त्यांना तिथला एक तरुण चित्रकार ठाऊक होता. तो राजा रविवर्मा. वीस वर्षांच्या आसपास असताना त्याने त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराला काम करताना पाहून तेलरंगाचे तंत्र उचलले होते. म्हणजे रूबेन्स, व्हॅन डाइक यांच्यापासून चालत आलेली ती काळोख-उजेडाची विद्या हजारो कोस ओलांडून अशी आपल्याकडे आली, कोणी हाताला धरून न शिकवता.

रविवर्म्याने बडोद्यात सयाजीरावांच्या राणीचे, चिमणाबाईंचे चित्र रंगवले. या मूळच्या तंजावरच्या मराठी राजघराण्याशी संबंधित लक्ष्मीबाई. १८८० मध्ये लग्न होऊन बडोद्याला आल्या आणि १८८५ मध्ये क्षयाने गेल्या. उणीपुरी एकवीस वर्षांची बाई, स्पेनच्या त्या राजकन्येएवढीच. पण हिचाही चेहरा राहिला. सयाजीरावांच्या दुसऱ्या पत्नी, त्याही चिमणाबाईच, मात्र चित्रापुरत्या उरल्या नाहीत. त्यांनी पुढे पडदा उघडपणे सोडला, १९११ मध्ये हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. चेहरा आणि कर्तृत्व एकाच बाईच्या नावावर जमा होण्याचा हा आपल्याकडचा सुरुवातीचा आणि ठळक प्रसंग म्हटला पाहिजे.

पण प्रत्येक वाड्याला बडोद्याइतके धाडस कुठले? रविवर्म्याने यावर एक तोड काढली. सयाजीरावांनी त्याला चौदा पौराणिक चित्रे सांगितली. त्यासाठी तो देशभर हिंडला आणि दमयंती, सीता, द्रौपदी यांना काय नेसवायचे याचा विचार करता करता मराठी बायकांच्या लुगड्यावर त्याचे मन बसले. मग पुराणातल्या राण्या लुगडे नेसून, दागिने घालून, बरोक चित्रातल्या सरदारणींसारख्या खांबाशेजारी, पायरीवर, एका बाजूने येणाऱ्या उजेडात उभ्या राहिल्या. जिवंत राणीला परक्यासमोर बसवता येत नाही ना, मग पुराणातली बसवू! पुढे १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर पोचल्या. ज्या घरात आजीचे एकही चित्र नव्हते, त्या घरात आजीसारखे लुगडे नेसलेली लक्ष्मी आली.

रविवर्म्याची मूळ चित्रे पाहायला आपल्याला बडोद्यालाच गेले पाहिजे असे नाही. आटपाडीहून विट्याकडे आणि तिथून औंधला गेले, की यमाईच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. ते उभारले औंधचे अखेरचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, १९३८ मध्ये. बाळासाहेब स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांचे चित्ररामायण १९१६ मध्ये निघाले. चित्रकार आणि वेदाभ्यासक पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधला आणले. पंडितांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे फ्लॉरेन्स, लंडन, पॅरिस येथे शिकून नामवंत चित्रकार झाले. संस्थान लहान, उत्पन्न बेताचे. पण संग्रहालयात बाबूराव पेंटर आहेत, धुरंधर आहेत, हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचे माता आणि बालक हे शिल्प आहे. आणि रविवर्म्याची सैरंध्री आहे.

सैरंध्री म्हणजे कोण, हे आपल्याला सांगायला नको. अज्ञातवासात विराटाच्या राणीची दासी होऊन राहिलेली द्रौपदी. सम्राज्ञी असून नाव लपवलेली. मला वाटते, आपल्याकडच्या साऱ्या चेहरा नसलेल्या राण्यांचे चित्र काढायचे झाले, तर ते हेच. जिजाबाई, ताराबाई यांचे चेहरे ज्या अंधारात गेले, त्या अंधारातून रविवर्म्याने दुसऱ्याच नावाने एक चेहरा उजेडात आणला. रविवर्म्यासमोर बसलेल्या ज्या बायकांनी या पौराणिक राण्यांना आपला चेहरा दिला, त्यांची नावे चित्राखाली नाहीत, हे मात्र विसरू नये. तिकडे छत्रीवाल्या पोराचे जे झाले, ते इकडे त्यांचे झाले.

बाळासाहेबांचे मोठेपण असे, की ही चित्रे त्यांनी केवळ पाहुण्यांना दाखवण्यासाठी दिवाणखान्यात कोंडून ठेवली नाहीत. ज्या राजाने १९३९ मध्ये आपले अधिकार प्रजेच्या हवाली केले आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बेड्यांशिवायचा तुरुंग उघडला, त्याला चित्रेही प्रजेची वाटत होती. आटपाडी, कुंडल, औंध अशा शाळांतून शिकलेला शेटफळ्याचा एक मुलगा पुढे ग. दि. माडगूळकर झाला. त्याचे धाकटे बंधू व्यंकटेश यांच्या हातात तर लेखणीबरोबर रेखाटनाची पेन्सिलही होती. १९४९ मध्ये त्यांचे 'माणदेशी माणसं' आले. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली. ही व्यक्तिचित्रेच आहेत. ज्यांच्यासमोर कधी कोणी चित्रफलक मांडला नसता, त्यांचे चेहरे शब्दांत उतरले. जिनोआच्या वाड्यात जे सरदारणींना मिळाले, ते आमच्याकडे मैलकुल्याला मिळाले. ही कमाई लहान नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. जुन्या वाड्यांत, इनामदारांच्या, देशमुखांच्या, सावकारांच्या माळ्यांवर अजून काही तैलचित्रे आणि जुने फोटो पडून आहेत. नऊवारीतली, नथ घातलेली कोणी पणजी त्यात असते. घर विकताना किंवा पाडताना ती चौकट भंगारात जाते. बहुधा यासाठी, की ती कोण हे सांगणारे माणूस उरलेले नसते. असे चित्र घरी असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, तेल लावून चमकवू नका. ओल धरणाऱ्या भिंतीपासून आणि थेट उन्हापासून ते दूर ठेवा. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर जाणकार माणसाला दाखवा. आणि सगळ्यांत आधी, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारा, ही कोण? तिचे माहेर कुठले? तिने काय केले? मिळेल ते उत्तर स्वतंत्र कागदावर लिहा आणि तो कागद चौकटीच्या पाठीमागे लावून ठेवा.

चेहरा टिकवणे हे चित्रकाराचे काम. पण त्या चेहऱ्याला नाव देणे घरच्यांच्याच हाती असते, आणि त्यासाठी राजा असावे लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)